पपई कोण खातं, ते रांगोळीला विचारा

‘आमच्या बंगल्यामागे जेमतेम दीड गुंठा परसबाग आहे. तीन पपया, एक कालीपत्ती चिकू, दोन पेरू आणि कडेला रताळ्याचे वेल. गेला महिनाभर रात्री कोणीतरी येऊन पिकायला आलेली पपई झाडावरच कोरून खातं. कुंपणाच्या भिंतीशी मातीचे ढिगारे निघतात. रात्री अकराच्या पुढे माळ्यावर धपधप चालतं, सासूबाई दचकून उठतात. शेजारचे काका म्हणतात, घूस आहे. त्यांनी निळ्या वड्या आणून दिल्या आणि ह्यांनी त्यातल्या चार भिंतीशी ठेवल्याही. मुलगा म्हणतो, पिंजरा लावू आणि पांडवलेण्याच्या डोंगरावर सोडून येऊ, म्हणजे पाप लागायला नको. मला कुणाला मारायचं नाही. पण वर्षभर जपलेली पपई रोज दुसऱ्याने खावी, हेही बघवत नाही. काय करू?’
— एक वाचक, मखमलाबाद रस्ता, नाशिक

ताई,

बाकीचं नंतर वाचा. आधी उठा आणि त्या चार वड्या उचलून आणा. हाताला प्लास्टिकची पिशवी गुंडाळून उचला आणि चारच्या चार भरल्या का ते मोजा. पिशवीला गाठ मारून, वर ‘विष’ असं लिहून, घंटागाडीवाल्याला सांगून वेगळी द्या. ओल्या कचऱ्यात टाकू नका. एखादी कमी भरली आणि घरात कुत्रं-मांजर असेल, तर आठवडाभर त्याच्यावर डोळा ठेवा. हिरड्या पांढुरक्या दिसल्या, नाकातून रक्त आलं किंवा ते कोपऱ्यात नुसतं पडून राहू लागलं, तर उद्यावर न ढकलता पशुवैद्याकडे न्या आणि वडीचं वेष्टन सोबत घ्या. वेळेत गेलात तर जीवनसत्त्व ‘के’ देऊन जीव वाचवता येतो.

या निळ्या-हिरव्या वड्यांत बहुतेक वेळा रक्त गोठू न देणारं विष असतं. घूस ती खाऊन लगेच मरत नाही. आत रक्तस्राव होत, ढेपाळत, चार-पाच दिवसांनी मरते. या दिवसांत ती दिवसाढवळ्या उघड्यावर डुलत फिरते, मग तिला उचलतं गव्हाणी घुबड, नाहीतर शेजारचा बोका, आणि विष पुढच्या पोटात जातं. मखमलाबादकडे अजून शेतं, विहिरी, मोठी झाडं आहेत, म्हणजे घुबडं असणारच. तुमच्या बाजूने फुकट राबणारा एवढा एकच गडी, त्यालाच विष घालायचं म्हणजे कमाल झाली.

आता चोर कोण ते पाहू. माझ्या मते काकांचं निम्मं बरोबर आहे. तुमच्याकडे चोर दोन आहेत आणि त्यांचा एकमेकांशी संबंध नाही.

भिंतीशी निघणारे मातीचे ढीग घुशीचे. रताळ्याचे वेल कुठे मलूल पडलेत का, ते उपटून बघा, खाली रताळं पोखरलेलं सापडेल. पण झाडावरची पपई वरून कोरून, साल वाटीसारखी लटकत ठेवून जाणारी घूस मी तरी पाहिली नाही. उंदीर-घूस कुरतडते, कडेला बारीक दातांच्या रेघा राहतात. वटवाघूळ फळ चावून रस घेतं आणि चोथा थुंकतं, तो चोथा झाडाखाली पडलेला दिसतो. पोपट-बुलबुल दिवसा येतात आणि गवगवा करून खातात. रात्री येणारं, झाडावर सहज चढणारं, गोड पिकलेलंच नेमकं निवडणारं आणि खाऊन माळ्यावर झोपायला जाणारं जनावर म्हणजे उदमांजर. कांडेचोर म्हणा, काळमांजर म्हणा. काही जण मसण्याऊद म्हणतात आणि मढी उकरतो म्हणून त्याला घाबरतात. सासूबाईंच्या कानावर हे नाव जाऊ देऊ नका, नाहीतर त्यांची उरलेली झोपही जाईल. प्रत्यक्षात ते मांजराएवढं, लांब शेपटीचं, लाजाळू जनावर आहे आणि फळांखेरीज उंदीरही खातं.

खात्री करायची असेल तर दोन गोष्टी करा. कुंपणाच्या भिंतीचा माथा आणि गच्चीचा कठडा फिरून या. उदमांजराला उंचावर, ठरल्या जागी विष्ठा करायची सवय असते आणि त्यात चिकूच्या, पपईच्या बिया अख्ख्या दिसतात. दुसरी गोष्ट रांगोळीची. साधी पांढरी रांगोळी पिठाच्या चाळणीने पपईच्या बुंध्याभोवती आणि माळ्याच्या भोकाखालच्या छज्जावर पातळ चाळून टाका. जाड थर नको. खालची फरशी जरा दिसत राहील इतकी पुरे. सकाळी ऊन चढायच्या आत बॅटरी जमिनीलगत आडवी धरून बघा, उभ्या उजेडात ठसा दिसत नाही. चार बोटं आणि नखं नाहीत, तर मांजर. चार बोटं आणि नखं आहेत, तर कुत्रं. पाच बोटं आणि मागे गोल गादी, तर उदमांजर. पुढच्या पायाला चार, मागच्याला पाच अशी बारीक बोटं आणि मधून शेपटीची ओढलेली रेघ, तर घूस. मुंगसालाही पाच बोटं असतात, पण तो दिवसाचा प्राणी, त्याची लांब नखं उमटतात आणि त्याला तुमच्या पपईत रस नाही.

मला स्वतःला हा रांगोळीचा उद्योग फार आवडतो. एका वाचकाने महिनाभर शेजारच्या पोरांवर आळ घेतला होता. रांगोळीत निघाले वानराचे पंजे.

आता मुलाच्या पिंजऱ्याबद्दल. त्याचा हेतू चांगला आहे, म्हणून जरा सविस्तर सांगते. त्याच वाटेने मी एकदा गेले आहे.

साधारण पंचवीस वर्षांपूर्वीची गोष्ट. आम्ही तेव्हा पंचवटीत जुन्या वाड्यात राहायचो. सागवानी माळा, कौलं आणि रात्री डोक्यावर धावपळ. एका हार्डवेअरच्या दुकानातून जाळीचा पिंजरा आणला, आत वेलची केळं टांगलं. दुसऱ्याच रात्री पट्टी पडली. पहाटे बघितलं तर एक उदमांजर कोपऱ्यात अंग चोरून बसलेलं, नाक जाळीवर घासून सोलवटलेलं. पिंजरा गोणपाटाने झाकला, स्कूटरच्या पायदानावर ठेवला आणि पांडवलेण्याच्या मागच्या अंगाला नेऊन दार उघडलं. बाण सुटावा तसं गेलं. येताना मी कोपऱ्यावरच्या टपरीवर चहा प्यायला थांबले, इतकी खूश होते.

तिसऱ्या दिवशी माळ्यावरून आवाज यायला लागला. मांजराच्या पिलासारखा, पण जास्त चिरका. दुपारी थांबायचा, संध्याकाळी पुन्हा सुरू. शिडी लावून वर गेलो तेव्हा जुन्या गाद्यांच्या सुरकुतीत तीन पिल्लं होती. दोन गार पडली होती. तिसरं माझ्या तळहातावर मावलं, ते तोंड उघडायचं आणि आवाजच यायचा नाही. वन विभागाचा माणूस येऊन ते टोपलीत घालून घेऊन गेला. मी त्याला पिंजऱ्याचं सांगितलं नाही, त्यानेही विचारलं नाही. पुढे ते जगलं का, हे विचारायचा धीर मला आजवर झाला नाही.

आणि दीड महिन्यात त्याच माळ्यावर दुसरं उदमांजर आलं. येणारच. कौलातलं भोक तसंच, परसातला पेरू तसाच, फक्त राहणारं गेलेलं. रिकामी खोली भाड्याला लागली की भाडेकरू येतो. जे डोंगरावर सोडलं, त्याला तिथे कुठे पाणी, कुठे आडोसा, काही ठाऊक नव्हतं, आणि तिथली जागा आधीच दुसऱ्या कुणाची तरी असणार. मी पुण्य केलं म्हणून चहा पीत होते तेव्हा ते बहुधा कुत्र्यांपुढे पळत होतं.

शिवाय कायदा आहे. 1972च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात ‘शिकार’ या शब्दात नुसतं मारणं येत नाही, पकडणं, सापळा लावणं, आमिष दाखवणं हे सगळं येतं. उदमांजर संरक्षित प्राणी आहे. म्हणजे तुमच्या मुलाने केळं टांगून पिंजऱ्याची पट्टी लावली, की त्याच्या नकळत तो शिकारी होतो. काका उद्या वटवाघळांबद्दलही सांगतील, ‘ती तर उपद्रवी यादीत आहेत, मारली तरी चालतात.’ एकेकाळी होती. उंदीर आणि कावळ्यांबरोबर फळं खाणारी वटवाघळं पाचव्या अनुसूचीत होती. 2022च्या दुरुस्तीने ती अनुसूचीच गेली आणि 1 एप्रिल 2023पासून नवी रचना लागू झाली. खरोखर पकडून हलवायची वेळ आली, म्हणजे प्राणी जखमी असेल, विहिरीत पडला असेल, खोलीत अडकला असेल, तर वन विभागाची 1926 ही हेल्पलाइन आहे. फोन करा आणि ते येईपर्यंत दार बंद ठेवून, दिवा मालवून, सगळ्यांना बाहेर काढा. मोबाइलवर चित्रण करायला खोलीत दहा जण जमले की घाबरलेलं जनावर चावतं.

आता पपई. तुमची खरी चूक इथे आहे आणि ती दुरुस्त करणं सगळ्यात सोपं आहे. तुम्ही फळ झाडावर पिकायची वाट बघता. पपईच्या सालीवर टोकाकडून पिवळी रेघ फुटली, की फळ आतून तयार झालेलं असतं. त्याच दिवशी देठ ठेवून उतरवा, वर्तमानपत्रात गुंडाळून दोन-चार दिवस घरात ठेवा. गोडीत फार फरक पडत नाही. चिकू तर झाडावर पिकवायची गोष्टच नाही. सालीवरची तपकिरी भुकटी जरा झडायला लागली की नखाने हलकेच ओरखडा काढा. हिरवी रेघ आणि चीक आला तर थांबा, पिवळसर रेघ आली तर उतरवा. दर दोन दिवसांनी संध्याकाळी टोपली घेऊन एक फेरी मारा. उदमांजराला पिकल्या फळाचा वास ओढून आणतो. कच्च्या पपईसाठी ते भिंत चढत नाही. आठ-दहा रात्री काही मिळालं नाही, की ते आपला रस्ता बदलतं.

पेरूला पिशवी घाला. आपल्या नाशिककरांना हे कोणी शिकवायला नको. निफाड-दिंडोरीकडे निर्यातीच्या द्राक्षांचा घड न् घड कागदात गुंडाळतात, मणी गुलाबी पडू नयेत म्हणून. तुमच्या दोन झाडांना काय लागतं! जुन्या मलमलीच्या, नाहीतर कागदी पिशव्या, फळ लिंबाएवढं झालं की देठाशी सैल बांधायच्या. यात फळमाशीही अडते, तो वरचा फायदा.

पपईच्या खोडाला पत्र्याचा पट्टाही बांधता येतो. दोन फूट रुंद गुळगुळीत पत्रा, जमिनीपासून तीन फुटांवर, झाड वाढेल इतका सैल. नखं घसरतात. मात्र झाडाची पानं भिंतीला किंवा चिकूच्या फांदीला टेकत असतील तर हा पट्टा नुसता दागिना. तुमची पपई भिंतीपासून किती लांब आहे हे तुम्ही लिहिलेलं नाही, तेवढं पाहा.

जाळीबद्दल मात्र सावध. द्राक्षबागेतली जुनी पातळ नायलॉनची जाळी नाशकात कुठेही मिळते आणि लोक ती रताळ्याच्या वाफ्यावर अंथरतात, उरलेली कोपऱ्यात गोळा करून टाकतात. गेल्या पावसाळ्यात माझ्याच ओळखीच्या एका बागेत अशा गोळ्यात पाच-सहा फुटी धामण अडकली. पुढे जायला बघितलं की धागा खवल्यांखाली आणखी रुततो, मागे यायला तिला जमत नाही. सर्पमित्राने मोडक्या कात्रीने एकेक धागा कापत पाऊण तास घालवला. धामण बिनविषारी असते, तिचं मुख्य खाणं उंदीर-घुशी. म्हणजे घूस नको म्हणून जाळी टाकायची आणि घूस खाणारीलाच फास लावायचा. जाळी लावायचीच असेल तर जाड, पांढरी, ताणून चौकटीला बसवलेली, जमिनीपासून वीतभर वर आणि भोकं इतकी बारीक की करंगळी आत जाऊ नये. जुनी असेल ती आजच कापून कचऱ्यात द्या.

घुशीचं काम कष्टाचं आहे, तिथे मी तुम्हाला फार गोड सांगणार नाही. ती भिंतीशी आली याचा अर्थ जवळ रोजचं जेवण आहे. रात्री बाहेर राहिलेली मांजराची ताटली, पक्ष्यांना टाकलेले तांदूळ, उघडा खतखड्डा. या तिघांपैकी एक तुमच्याकडे किंवा काकांकडे निघेलच. ताटली सूर्यास्ताला आत घ्या. पक्ष्यांना सकाळी घाला, दुपारी झाडून काढा. खतासाठी झाकणाचा पिंप घ्या आणि तळाला अर्ध्या इंचाची वेल्डमेश जाळी ठोका. शिजलेलं अन्न, चपाती, खरकटं त्यात नको. मग भिंतीलगत फूटभर खोल चर खणा, हीच जाळी काटकोनात वाकवून एक बाजू भिंतीला, दुसरी बाहेरच्या अंगाला फूटभर आडवी बसवा, वर माती आणि काळे दगड. उकरत आलेली घूस जाळीवर थांबते, मागे सरकून पुन्हा उकरायचं तिला सुचत नाही. चर खणण्याआधी बिळं रिकामी होऊ द्या. तोंडाशी गवताचा सैल बोळा ठेवायचा, हलला की बीळ चालू. अन्न बंद झाल्यावर एकेक बीळ थंडावत जातं.

घुशी घरात, स्वयंपाकघरात शिरल्या असतील तर गोष्ट वेगळी. त्यांच्या लघवीतून लेप्टोसारखे आजार येतात, घरात म्हातारं माणूस आहे. अशा वेळी, दुसरा उपायच उरला नाही तर, जोरात पडून क्षणात मारणारा चाप मी समजू शकते. चिकट पुठ्ठा मात्र कधीही नाही. त्यावर अडकलेला जीव दोन-दोन दिवस तडफडतो, स्वतःचा पाय कुरतडतो, आणि शेवटी तो पुठ्ठा घडी घालून कचऱ्यात टाकणारे आपणच असतो.

डांबरगोळ्या टाकू नका, त्या मुलांना आणि मांजरांना विषारी. मिरचीपूड पहिल्या पाण्याने वाहून जाते. माणसाला न ऐकू येणारा आवाज काढणारी यंत्रं विकत घेऊन बघा, पैसे जास्त झाले असतील तर. वानरं कधीमधी आली तर काही खायला घालू नका, इतकंच. त्र्यंबकच्या वाटेवर गाडीतून बिस्किटं फेकणाऱ्यांनी त्यांना जी सवय लावली ती आपण कॉलनीत आणायला नको. बिबट्याचे ठसे दिसले, तर तिथे माझा सल्ला संपतो. कुत्रं आत घ्या, सगळे दाराआड व्हा आणि 1926 लावा.

राहिला माळा. हे घाईने करायचं काम नाही, माझी तीन पिल्लं आठवा. उदमांजर अंधार पडल्यावर बाहेर पडतं आणि पहाटे परततं. दिवसा शिडी लावून बाहेरून भोक शोधा. कडा तेलकट काळी पडलेली असेल, केस अडकलेले असतील. संध्याकाळी दिवेलागणीनंतर माळ्यावर आठवडाभर दिवा चालू ठेवा आणि एखादा रेडिओ गप्पांच्या केंद्रावर लावून ठेवा. उदमांजराला उजेडात, बोलण्यात झोप येत नाही. पिल्लं असतील तर आई त्यांना मानेला धरून दुसरीकडे नेते, तिला तेवढे दिवस द्या. दुपारी शांततेत कान लावा. चिरका, बारीक आवाज येत असेल तर काहीही बंद करू नका, महिना-दीड महिना थांबा. सासूबाईंना खालच्या खोलीत झोपवा.

आवाज थांबल्यावर भोकात वर्तमानपत्राचा बोळा सैलसर ठेवा, आतून-बाहेरून सहज ढकलता येईल असा. सलग तीन सकाळी जाऊन बघा. बोळा जागचा हलला नसेल तर मिस्त्रीला बोलवा आणि अर्ध्या इंचाची जाळी सिमेंटमध्ये पक्की बसवून घ्या. त्याच वेळी गच्चीला टेकलेल्या चिकूच्या फांद्या चार फूट मागे छाटून टाका. बोळा एकदाही पडलेला दिसला, तर पुन्हा दिवा, पुन्हा रेडिओ. आणि रांगोळीत जे उमटेल त्याचा फोटो काढून पाठवा. शेजारी एक रुपयाचं नाणं ठेवा, म्हणजे पंजाचा आकार कळेल.